चाकांतली वाळू

भावानं दुकान बुडवलं आणि कर्ज ताईच्या गळ्यात पडलं. त्याच आठवड्यात तिनं चाकांची लाल बॅग घेतली. कर्ज फिटलं की समुद्र बघायचा! पोटाला चिमटा घेऊन ती पार्लरमध्ये राबली. बॅग मात्र दर सुट्टीत भाऊ हक्कानं न्यायचा. “बॅग फिरते, मी हप्ते भरते,” असं म्हणत ती चाकांतली वाळू झाडायची. आज शेवटचा हप्ता भरून ती भावाकडे बॅग मागायला गेली. त्यानं ती लगेच बाहेर आणली. उचलली तर शिशासारखी जड. “काय कोंबलंयस रे?” “आईचे कपडे, औषधं. तू आता मोकळी झालीस ना, ताई? आम्ही तरी किती करायचं?” भावजयीनं आईला हाताला धरून आणलं. नवी चप्पल घालून आई कधीची तयार होती. “हा म्हणाला, तू मला समुद्रावर नेणारेस. परत कधी यायचं गं?”