व्हॅनिलाची बाटली

"सदर चालकाने कर्तव्यावर हजर होण्यापूर्वी स्वेच्छेने व पूर्ण जाणिवेने मद्यसेवन केले," असे चौकशी अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात नमूद होते. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. उणीव होती ती पुराव्याची. बस आगारातल्या श्वासचाचणीच्या यंत्राने एक लहानसा आकडा दाखवला होता, एवढेच. इच्छा आणि जाणीव मोजणारे यंत्र आगाराने अद्याप खरेदी केलेले नव्हते. त्या दोन्ही गोष्टी अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने पदरच्या घातल्या होत्या. त्या दुपारी तपासलेल्या इतर सर्व चालकांचा श्वास स्वच्छ निघाला, हेही त्याने आवर्जून लिहिले होते. जणू बाकीचे कोरडे असणे हाच एकाच्या ओलेपणाचा पुरावा.

चालक समितीसमोर मान खाली घालून बसला होता. सव्वापाच वर्षे त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता. आगारात सगळे त्याला 'सरबतराव' म्हणत आणि तो ते हसून घेत असे. त्यापूर्वीच्या काळातली एक नोंद मात्र त्याच्या नावावर होती. दुसरी झाली की बस कायमची सुटणार होती.

त्याच्या वतीने धाकटी बहीण बोलली. सुट्ट्यांत त्यांच्या घरी बिस्किटांचे गोळे होत. बिस्किटांचा चुरा, कोको, अक्रोड, घट्ट गोड दूध आणि रम. दादाची दारू सुटली तेव्हा घराने रम सोडली आणि तो शब्दही सोडला. 'रमचे गोळे' नुसते 'गोळे' झाले. रमच्या जागी संत्र्याचा रस आला, वासाला व्हॅनिला आला. यंदा चुकून त्यात रम पडली, असे तिचे म्हणणे होते.

अध्यक्षांनी तिला तिथेच अडवले. शिजवताना मद्यार्क उडून जातो, हे त्यांच्या घरीसुद्धा माहीत होते. स्वयंपाकघरात केवळ पाणी प्यायला जाणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाने त्यांनी ही सबब बनावट ठरवली.

बहिणीने पिशवीतून वाडगे काढले. समितीच्या टेबलावर, अहवालाच्या शेजारी, तिने बिस्किटे चुरली, सगळे कालवले, सोबत आणलेली रम ओतली आणि गोळे वळले. दहा मिनिटे लागली.

"यांना आच लागतच नाही, साहेब," ती म्हणाली. "जे पडतं, ते राहतं."

सदस्यांनी चव घेतली. एकाला ठसका लागला. अध्यक्षांनी दुसरा गोळा उचलला, तोही पुराव्याच्या तपासणीसाठीच असावा.

मग घरात रम आलीच कुठून, असा प्रश्न झाला. हा भाग तिने टेबलाकडे बघत सांगितला. वाईट दिवसांत दादा सगळे घर धुंडाळायचा. पिठाचा डबासुद्धा त्याने सोडला नव्हता. अजिबात मिळाली नाही की त्याचे हात कापू लागत आणि तो रस्त्यावर धावे. म्हणून ती थोडी रम व्हॅनिलाच्या रिकाम्या बाटलीत भरून फडताळात मागे ठेवायची आणि वेळ आली की चमच्याने द्यायची. पुढे तो उपचाराला गेला, बरा होऊन आला. आनंदात बाटली विसरली गेली.

आईला दोन वर्षांपूर्वी लांबलेला ताप आला आणि त्यात तिला वास येईनासा झाला, चव गेली. तेव्हापासून ती ओट्याशी उभी राहिली नव्हती. यंदा पहिल्यांदा उभी राहिली. तिने त्या बाटलीवरचे लेबल वाचले आणि वास येत नसल्यामुळे सढळ हाताने ओतले. बारा गोळे झाले. पहिला तिने कामावर निघालेल्या लेकाच्या हातावर ठेवला. बघ रे, जमलंय का, मला मेलीला काही कळत नाही, असे म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने तो खाल्ला आणि जमलंय म्हणाला. आईचे डोळे भरून आले. उरलेले अकरा तिने डब्यात भरले आणि आगारात मित्रांना वाट म्हणून त्याच्यासोबत दिले.

"बाटली मी भरली होती," बहीण म्हणाली. "दोष माझा आहे. आईच्या हातच्या एका गोळ्यासाठी दादाची नोकरी घेऊ नका."

खोलीतली हवा बदलली. गोड खाल्ल्यानंतर दयाबुद्धी तशी लवकर जागी होते. अध्यक्षांनी 'स्वेच्छेने व पूर्ण जाणिवेने' या शब्दांवर पेन्सिलीने रेघ ओढली. केवळ एक औपचारिकता राहिली होती. चव जरा वेगळी लागली असेल, पण ती दारू आहे हे कळले नाही, असेच ना, असे त्यांनी चालकाला विचारले. उत्तरही त्यांनीच सुचवले. फक्त 'हो' म्हणायचे होते.

"म्हण ना दादा," बहीण हळूच म्हणाली.

पुरावा म्हणून मांडलेला रिकामा डबा टेबलावर होता. चालकाने त्याचे झाकण नीट बसवले. मग तो बोलला आणि लेखनिकाने ते शब्दशः उतरवून घेतले. त्या संपूर्ण कागदपत्रांत खाडाखोड नसलेला मजकूर तेवढाच आहे:

"पहिल्याच घासाला कळलं, साहेब. तो एक मी आईसाठी खाल्ला. डब्यातले अकरा कुणाला वाटले नाहीत. ते येताना वाटेतच संपवले, माझ्यासाठी."