दाराशी बसलेली

विसरवाडीच्या अलीकडं, उसाला लागूनच एस्तेरचं घर होतं. ऊसतोड सुरू झाली तसा बिबट्या वस्तीत शिरायला लागला. त्यानं एस्तेरची शेळी दारातूनच उचलली. तरी संध्याकाळच्या प्रार्थनेला सासू दार उघडंच ठेवायची. प्रार्थनेला येणाऱ्यानं बाहेर ताटकळू नये, ही त्या घराची रीत. सासू डोळे मिटून भाकरीसाठी, कोंबड्यांसाठी, पाळण्यातल्या नातवासाठी प्रभूचे उपकार मानायची. एस्तेर मात्र पदराखाली विळा धरून उसाकडं टक लावून बसायची. पान हललं तरी ती अर्धी उठायची.

एकदा आमेन झाल्यावर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, माझा विश्वास कमी पडतो. प्रार्थनेत माझे डोळेच मिटत नाहीत."

"ठाऊक आहे मला," सासू म्हणाली. "राखण कर म्हणून मी रोज प्रभूलाच सांगते. त्यानं तुला दाराशी बसवलं, म्हणून तर मी डोळे मिटते."

दुसऱ्या संध्याकाळी सासू उपकार मानत असतानाच उसात सळसळ झाली. सासूचे डोळे मिटलेलेच राहिले. एस्तेरनं विळ्याची मूठ आवळली आणि ती उघड्या डोळ्यांनी पुटपुटली,

"प्रभू, मला एकटीला बसवू नकोस."