तीन पाण्यांची भाजी

जिजाबाईच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. बालाघाटला आमच्या दोघींच्या परसांमध्ये काट्यांचं एक कुंपण होतं. सलगमच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते हे मला तिनंच शिकवलं, आणि थंडीभर ती कुंपणावरून जुडी देत राहिली. बाजारातली भाजी मी एका पाण्यानं धुवायची. तिची जुडी मात्र तीन पाण्यांतून काढायची. एकदा तिनं ते पाहिलं, तेव्हा मी घाईघाईनं म्हटलं, "माती लय रायते वो."

दुसऱ्या दिवशी कुंपणाची काटी बाजूला करून तिनं मला आपल्या वाफ्यापाशी नेलं.

"मास्तरीणबाई, तुमच्याच हातानं खुडून घ्या. म्हणजे एका पाण्यात होऊन जाईन."