शनिवारची माळ

फांदीला ते पानच नव्हतं. देठ खुडलेला होता आणि त्यातून पांढरा चीक ओघळत होता. महिपतीनं कॅमेऱ्याची तिकाटी तिथंच टाकली आणि रुईखालचा पाचोळा चाळला. कोष कुठंच नव्हता.

काल संध्याकाळी तो कोष काळपट, काचेसारखा झाला होता. आतले नारिंगी पंख दिसत होते. म्हणजे आज सकाळी फुलपाखरू बाहेर पडणार. त्या क्षणाच्या फोटोसाठी त्यानं गिरणीच्या कचेरीत पोट बिघडल्याची थाप मारली होती. साऱ्या पावसाळ्यात परसातला एकेक कोष त्यानं राखला आणि ऐन वेळी एकेक गायब झाला. सरड्यांना शिव्या घालून तो थकला. शेवटी वैतागून त्यानं कॅमेरा विकायला काढला. करमाळ्याचा माणूस आज संध्याकाळी तो न्यायला येणार होता. फोटोची एकच काच शिल्लक होती.

पण सरडा काही देठ खुडत नाही. महिपतीला एकदम आठवलं, आज शनिवार. आई दर शनिवारी तो घोरत असतानाच अंधारात उठते, रुईची पानं खुडून माळ ओवते आणि मारुतीला जाते. आजवरचे सगळे कोष तिनंच नेले होते तर. कॅमेऱ्याला ती डबडं म्हणायची. डबड्यापायी पोराचे डोळे जातील, असं चारचौघांत सांगायची. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकाटीसकट कॅमेरा खांद्यावर टाकून तो पळत सुटला.

गल्लीच्या टोकाला उघड्या पारावर शेंदरी मारुती होता. गळ्यात माळ होती आणि माळेत ते पान. पानाखाली कोष अजून लोंबत होता. समोर नागप्पा गुरव तेलाचं भांडं तिरपं करत होता. पंखाला तेल लागलं की सगळं संपलं.

"थांबा! ती माळ उतरवा."

"वाहिलेली माळ आसं कोन उतरवतं का?" नागप्पा म्हणाला. "आनि मागं मानसं खोळंबलीत."

रंभाबाई बाजूलाच हात जोडून उभी होती. महिपती तिच्यावर उसळला. "आई, मुद्दाम केलंस तू. माझा कॅमेरा घराबाहेर गेला की निवशील एकदाची."

माणसं बघायला लागली. रंभाबाईचं तोंड एवढंसं झालं. ती काहीतरी बोलणार होती, पण तिनं ओठ मिटून घेतले. पुढं वाकून, डोळे बारीक करून तिनं पान न्याहाळलं. नागप्पाच्या भांड्यातून धार सुटलीच होती. तिनं दोन्ही हात पानावर आडवे धरले. तेल तिच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं, पानाला थेंबही लागला नाही.

तेवढ्यात कोष तडकला.

महिपतीनं घाईघाईनं तिकाटी रोवली, काच चढवली. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू पाय झाडत बाहेर आलं आणि फुटलेल्या कोषाला धरून लोंबू लागलं. ऊन थेट त्याच्यावर होतं. आईचे हात जागचे हलले नाहीत. त्यानं श्वास रोखला आणि कळ दाबली.

"घावलं का रं?" रंभाबाईनं विचारलं.

"घावलं," तो घुश्शातच म्हणाला.

तिनं तेलकट हात जोडले, मारुतीपुढं डोकं टेकलं आणि मग पदरानं डोळे पुसत ती लेकाकडं वळली.

"नवस फळंपर्यंत बोलायचा नसतो बाबा, म्हनून गप ऱ्हायले. पावसाळाभर हेच मागत हुते, मारुतीराया, माज्या लेकाला एकडाव तरी फुलपाखरू भाईर पडताना घावू दे."