बारा नंबरची मोजदाद

“ही लिंबूटिंबू आहे हं! हिला आऊट धरायचं नाही!”

तीस वर्षं झाली, दादाचा तो आवाज लेखिकेच्या कानातून गेला नव्हता. ती तेव्हा पाच वर्षांची. पकडली गेली तरी खेळात, पडली तरी खेळात. पण मोजायला बसलं की कुठेच नाही. पोरं फिदीफिदी हसायची आणि तिला भोकाड पसरावंसं वाटायचं.

आता माणसं आऊट करणं हाच तिचा धंदा होता. तिच्या ॲनिमे मालिकेत बारा खेळाडू एका बंद इमारतीत अडकले होते. दर भागात एक खेळ. हरला तो मेला. शेवटी दार उघडणार, तेही एकासाठीच. शिंपी गेला, नर्स गेली, जुळे भाऊ तर एकाच भागात गेले. शेजारच्या टेबलाशी बसून दादाने एकेकाचं मरण मन लावून चितारलं. आता दोघेच उरले होते. चार नंबर, धिप्पाड बस ड्रायव्हर. आणि बारा नंबर, पुढचे दोन दात पडलेली सात वर्षांची मुलगी.

शेवटचा प्रसंग अजून कोरा होता. दिग्दर्शिका बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सहाला आवाज देणारे येतायत. कोण मरतंय, तेवढं सांग गं बाई.”

“मुलीला मारायला माझा हात धजत नाही. आणि ड्रायव्हरला मारलं, तर तिला घरी कोण सोडणार?”

“दोघांना जगवलंस तर प्रेक्षक आपल्याला जगू देणार नाहीत. नियम तूच केलायस. रडव त्यांना, पण फसवू नकोस.”

तिने लिहिलं, ‘बारा नंबर बाद.’ खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

“दादा, मूग गिळून काय बसलायस? तू तरी बोल!”

बोलणं हा दादाचा प्रांतच नव्हता. त्याने खणातून एक कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. पहिल्या भागातलं चित्र, खेळ सुरू होण्याआधीचं. ड्रायव्हरने मुलीला खांद्यावर घेतलंय आणि त्याच्या तोंडी एक वाक्य आहे. ते तिने लिहिलेलंच नव्हतं. दादाने आपणहून घातलं होतं आणि तिने गंमत म्हणून राहू दिलं होतं. ‘ही लिंबूटिंबू आहे हं!’ बाकीच्या दहाही जणांनी कबूल म्हणून हात वर केलेत. कोपऱ्यात खेळ चालवणारा मुखवटेवाला उभा आहे. त्याचाही हात वर.

ती त्या हातांकडे बघत राहिली. मग शाळा सुटल्यावर पोरं धावतात तशी तिची बोटं धावली.

थोड्या वेळाने तिने मोठ्याने वाचून दाखवलं. मुखवटेवाला गरजतो, ‘दोघे उरलात! दार एकासाठीच!’ ड्रायव्हर मुलीला उचलून खांद्यावर बसवतो. ‘एकच उरलाय. मी. हिला मोजायचं नाही. तुम्हीच हात वर केला होतात.’ मुखवटेवाला बाजूला होतो. दार उघडतं.

बाई अशा हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. “लबाड! पहिल्याच भागात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवलं होतं, आणि मला मेलीला दिसलं नाही!” डोळे पुसत त्या फोन करायला पळाल्या.

लेखिका दादाकडे वळली.

“तिला बरं वाचवलंस. मला मात्र कधी मोजलं नाहीस. एवढी नकोशी होते का रे?”

दादाचं पेन थांबलं. कान लाल झाले. चाळिशीला टेकलेला माणूस, पण खुर्चीत बसून पोरासारखे पाय हलवू लागला.

“आईचा नियम होता,” तो म्हणाला. “दोघं जा, दोघं या. आधी तुला आऊट धरायचे, तेव्हा तू रडत घरी निघायचीस. मग मलाही खेळ सोडून यावं लागायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय वेडे! तुझ्या जिवावर खेळायचो मी.”