बघायची घाई

माझी आई प्रयोगशाळेत माशाच्या कल्ल्यांपासून पेशी वाढवते. कल्ल्याचे बारीक तुकडे बाटलीच्या तळाला चिकटले, तरच त्यांच्या कडेने नव्या पेशी वाढू लागतात. बाटली जरा हलली की तुकडे सुटलेच! हे सगळ्यांना शिकवते कोण? आई. आणि राहवत नाही म्हणून सारखी बाटली काढून बघते कोण? तीही आईच.

वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी मी तिला बजावलं, "तू समोर बसलीस की माझं त-त-प-प होतं. आज येऊ नकोस."

"अगं, मी काय तुला बाटलीसारखी हलवणार आहे?"

"हो!"

तिचं तोंड एवढंसं झालं.

स्पर्धेत मी बोलले! कुठेही न अडखळता, अगदी शेवटपर्यंत. टाळ्या थांबेनात. धावत बाहेर आले, तर सभागृहाच्या दाराशी आई, दाराकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून उभी.

"मी बघितलं नाही हं," ती घाईघाईने म्हणाली. "एकदासुद्धा वळले नाही. शप्पथ!"

मी तिला तशीच पाठीमागून घट्ट मिठी मारली.

"पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसायचं. कळलं?"