लाल अंडी

स्तमातियाने प्रयोगशाळेत आईचं रक्त स्वतःच तपासलं होतं. बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. आई इंजेक्शन टोचू देईना. तिची उरलीसुरली आठवण वाचवायला अंडी, दूध, मांस एवढाच उपाय होता.

तिने उकडलेलं पांढरं अंडं पुढे केलं. “खा ना गं, आई. पाया पडते.”

“ईस्टरच्या आधी अंडं खाऊन उपास मोडू? लाज नाही वाटत, कार्टे?”

“ईस्टर होऊन तीन महिने झाले.”

“मग मला कसा आठवत नाही?”

स्तमातियाने फडताळातून ईस्टरला रंगवतात तशी दोन उकडलेली लाल अंडी काढली, एक आईच्या हातात दिलं आणि रीतीप्रमाणे दुसरं त्यावर आपटलं. “ख्रिस्त उठला, आई.”

“खरंच उठला!” म्हातारी हरखली आणि अंडं सोलून मिटक्या मारत खाऊ लागली.

जुलै महिन्यातला हा त्यांचा एकोणिसावा ईस्टर होता.